बेचाळीस सेकंदांचा ढावलो

तुमच्या फोनात तो व्हिडिओ आहे काय?

लगेच मान हलवू नका. "आमच्याकडं असलं काही नसतंय" म्हणणारे मला रोज भेटतात आणि त्यातल्या अर्ध्यांच्या फोनात तो निघतो. बेचाळीस सेकंदांचा आहे. हॉस्टेलची खोली, लोखंडी पलंग, पलंगावर उभा केलेला पोरगा, त्याच्या डोक्यावर लाल चादर पदरासारखी ओढलेली. तो गातोय, आणि खाली बसलेली पोरं ताटं वाजवून राहिलीत. हसण्यासाठी म्हणून कुणीतरी तो सोडून दिला. तीन वर्षं झाली. दर लग्नसराईत तो पुन्हा फिरतो, हिंगोली, सेनगाव, वसमत, पार पलीकडं वाशीमपर्यंत.

त्या पोराला मी इथं प्रेमदास म्हणतो. ते त्याचं खरं नाव नाही. आईचंही नाव बदलतो म्हणालो तर ती म्हणाली, "माजं काहून बदलतो? मी काय चोरी केली?" म्हणून तिचं नाव आहे तेच लिहितो. शकुंतलाबाई.

पुसेगावच्या अलीकडं रस्त्यावरून आत वळलं की त्यांचा बंजारा तांडा लागतो. दोन एकर हळद, थोडं सोयाबीन. नवरा भीमसिंग दिवसातून चार शब्द बोलणारा, त्यातले दोन बैलांशी. बोलायचं काम शकुंतलाबाईचं, आणि गायचंही. आसपासच्या तांड्यांत लग्न ठरलं की पोरीची आई आधी हिच्याकडं येई. कारण ढावलो शिकवणारी बाई आता हीच एक राहिली होती.

ढावलो माहीत नसेल तर सांगतो, मीही तिच्याकडूनच शिकलो. मी हट्टा गावचा, बौद्धवाड्यातला. आमच्यात हे नाही. तांड्यावरची नवरी सासरी निघाली की एकेकाच्या गळ्यात पडून सुरात रडते. आईच्या, बापाच्या, भावाच्या, उंबऱ्याच्या सुद्धा. त्यातले बोल ठरलेले असतात, पण दर नवरी त्यात आपलं घर घालते. आपली शेळी, आपली विहीर, आपल्या भावाचं शाळेत जाणं. नीट येत नसेल तर नवरीची लाज जाते. म्हणून महिना-महिना आधी शिकवणी चाले. शकुंतलाबाई भाकरी थापता थापता शिकवायची, आणि चुलीपाशी बसून प्रेमदास ऐकायचा. शिकायला आलेल्या पोरींच्या आधी ह्याला पाठ व्हायचं.

त्याची बहीण रुपा. तिच्या लग्नात ऐन वेळी तिचा गळा भरून आला, सूर निघेना. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. तेवढ्यात मागून प्रेमदासनं सूर उचलला. सोळा वर्षांचं पोरगं, बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून सगळा ढावलो त्यानं तिच्या वतीनं म्हटला. कुणी हसलं नाही. तांड्याचा नाईक डोक्यावरचं पागोटं काढून डोळे पुसत होता म्हणतात. भीमसिंग त्या दिवशी पाचवा शब्द बोलला. "शाबास."

हे सगळं लक्षात ठेवा. पुढं जे झालं ते इथूनच झालं.

बारावीनंतर प्रेमदासला हिंगोलीत कॉलेजला प्रवेश मिळाला, हॉस्टेलही मिळालं. कॉलेजचं नाव लिहीत नाही. ते लिहिलं की बाकीची कॉलेजं निवांत झोपतील. प्रवेशाच्या दिवशी आई सोबत गेली. रॅगिंग करणार नाही, होऊ देणार नाही, अशा छापील कागदावर पोराची सही घेतली, आईचीही घेतली. तिनं विचारलं, "ह्ये कशाचं हाय?" कारकून म्हणाला, "काही नाही मावशी, सगळ्यांचं असतं."

मग हॉस्टेलच्या दारात तिला देविदास दिसला. शेजारच्या तांड्याचा पोरगा, तिसऱ्या वर्षाला. ओळखीचं तोंड बघून बाईचा जीव हरखला. तिनं डब्यातल्या पुरणपोळ्या त्याच्या हातात दिल्या आणि म्हणाली, "देवा, ह्यो तुजा भाऊ. लाजाळू हाय, एकटा पडू देऊ नको. आन् गळा लई गोड हाय त्येचा, ढावलो असा म्हनतो का बायका बी म्हननार न्हाईत. त्येला म्हनायला लावत जा बरं का, मंजी मन रमंल."

देविदास म्हणाला, "व्हय मावशी. बराबर लावतो."

आणि त्यानं लावलं.

बाकीच्या पोरांना ढावलो काय असतो ते ठाऊकही नव्हतं. देविदासनंच सांगितलं, नवरीचं रडणं असतंय म्हणून. मग लाल चादर आली. रोज जेवण झालं की "नवरीला बोलवा". कधी एखाद्याला नवरा करायचे आणि त्याच्या गळ्यात पडून म्हणायला लावायचे. सत्तर दिवस चाललं हे. सत्तराव्या दिवशी कुणीतरी फोन धरला.

प्रेमदासनं घरी सांगितलं नाही. दिवाळीला आला, मुका मुका राहिला, आईनं "म्हन की रं एखादा" म्हटल्यावर उठून रानात गेला. दिवाळीनंतर हॉस्टेलवर न जाता थेट भिवंडीला गेला, गोदामात पेट्या उचलायला. फोनवर एवढंच म्हणाला, "शिक्षनात मन लागंना." आईला वाटलं, पोराला पैशाची ओढ लागली. चिडली, शिव्या दिल्या.

मग ती एक दिवस पुसेगावहून एसटीत बसली. रुपाकडं निघाली होती. गाडीत गर्दी नव्हती. आणि मागच्या सीटवरून तिला प्रेमदासचा आवाज आला. तिचाच सूर, तिचाच मुरका, तिनं शिकवलेला श्वास. पोरगं आलंय, आपल्याला चकवायला मागं बसलंय, असं वाटून ती उठलीच. "प्रेमा!" म्हणून मागं वळली. मागं दोन अनोळखी पोरं मोबाईल बघत हसत होती. तिचं असं ओरडणं ऐकून अजून हसली. एक म्हणाला, "काय मावशी, नवरी तुमच्यातली हाय का?"

ती उभ्या उभ्या म्हणाली, "व्हय. माजी हाय."

रुपाच्या घरी पोचून तिनं भिवंडीला फोन लावायला सांगितला. त्या दिवशी प्रेमदास जे बोलला ते तिनं मला जसंच्या तसं सांगितलंय. "याडी, देविदासला तूच सांगितलं व्हतंस." याडी म्हणजे आई. आणि मग म्हणाला, "ज्या दिवशी त्यो कोनाच्याच फोनात नसंल, त्या दिवशी घरी येतो."

त्यानंतर तो आईशी बोलला नाही. दर रविवारी रुपाला फोन करायचा. रुपा स्पीकर लावायची, शकुंतलाबाई शेजारी श्वास धरून बसायची. तो रुपाशी बोलतोय, आई ऐकतेय हे त्याला ठाऊक, आणि आईचं नाव मात्र निघायचं नाही. "बरा हाय", "पाऊस हाय", "ठेवतो". तेवढ्यासाठी ती शनिवारीच रुपाकडं यायची.

तिनं ढावलो शिकवणं बंद केलं. पोरींच्या आया येत, ती "गळा बसला" म्हणायची. त्या तीन वर्षांत त्या पट्ट्यातल्या नवऱ्या डीजेच्या आवाजात गेल्या.

आता माझा संबंध सांगतो. मी ग्यानोबा, हिंगोलीत ऑटो चालवतो. शिक्षण दहावी, बाकीचं स्टँडवर गिऱ्हाईकाची वाट बघत वाचून झालं. रॅगिंगविरुद्धचा राज्याचा कायदा नव्व्याण्णव सालचा आहे, तो मला कलमांसकट पाठ आहे, आणि तो पाठ नसलेल्या प्राचार्यांशी माझं वरचेवर वाजतं. डोकं लवकर फिरतं, हे जिल्ह्याला माहीत आहे. प्रेमदासची गोष्ट कानावर आली तशी मी त्या कॉलेजात तक्रार टाकली. समितीनं मुलांना समोरासमोर बसवून माफी लिहून घेतली आणि "प्रकरण आपसात मिटले" असं कळवलं. आपसात म्हणे! ज्याच्याशी मिटायचं तो भिवंडीत होता. पोलिसांत जायचं तर त्याचा जबाब हवा, आणि तो जबाब देईना.

मग मी ठरवलं, एक पोरगा बोलत नसेल तर सगळ्यांना बोलतं करू. प्रश्नावली छापली. दोनशे बारा मुलांकडून भरून घेतली, नाव न लिहिता. तुम्हाला कुणी त्रास दिला का? दोनशे बारांनी लिहिलं, नाही. मी त्या कागदांचा गठ्ठा हॉस्टेलच्या मेसमध्ये टेबलावर आपटला आणि मोठ्यानं म्हणालो, "भेकड आहेत सगळे!"

भट्टीपाशी भाकरी थापणारी बाई म्हणाली, "भाऊ, आवाज कमी. लेकरं जेवून राहिली."

तीच शकुंतलाबाई. पोरगा जिथून पळाला त्याच हॉस्टेलच्या मेसमध्ये ती भाकरी करायला लागली होती. सोमवार ते शुक्रवार तिथंच एका खोलीत राहायची. मी विचारलं, इथं काहून? म्हणाली, "बघाया आले. त्येनं काय बघितलं ते."

मग तिनं माझा कागद हातात घेतला, उलटसुलट केला. "ह्येच्यावर कोन रडतंय व्हय? इथं बस. जेव. आन् ताटं बघ."

मी बसलो. खरं सांगतो, इतकी वर्षं वाचून जे कळलं नव्हतं ते त्या एका जेवणात कळलं. तिनं परातीवरून मान न काढता दाखवलं. "त्यो निळा शर्ट. दोन ताटं घेऊन आला बघ. दुसरं कोनाचं? विचारू नको, बघ कुठं नेतो. ... त्यो उंच पोरगा, दारात कोन हाय ते बघूनच आत येतो. ... ह्यो बारका सगळ्यात शेवटी येतो, भाकर गार झाल्यावर. कोनी तरी त्येला थांबवून ठेवतंय." सात पोरं तिनं दाखवली. मी पुढच्या आठवड्यात एकेकाला ऑटोत बसवून फिरवलं, काही न विचारता. सातांपैकी पाच बोलले.

वॉर्डनला सांगायला गेलो तर तो म्हणाला, "पुरावा?" मी भांडलो, टेबल वाजवलं, बाहेर काढला गेलो. शकुंतलाबाईनं भांडण केलं नाही. तिनं दुसऱ्या दिवसापासून एकच नेम धरला. ज्याचं ताट त्याच्या हातात. दोन ताटं घेऊन आलेल्याला ती एकच भाकर द्यायची. "दुसऱ्याला पाय न्हाईत का? येऊ दे त्येला." तिसऱ्या वर्षाची पोरं आली गुर्मीत. एक म्हणाला, "काकू, आपल्याला ओळखत नाही का?" ती म्हणाली, "ओळखते की. भुकेला दिसतोस. रांगेत ये." आणि पहिल्या वर्षाची पोरं तिच्या भट्टीसमोरच्या बाकावर जेवणार, पहिली, गरम गरम. महिन्याभरात ताटं वाहणं थांबलं. त्यानंतर खोल्यांमधलं बोलावणंही कमी झालं. कारण कुणाची काय हालत आहे ते रोज दोनदा एक बाई बघून राहिली होती, आणि पोरांना ते कळलं होतं.

रविवार सोडून तिचं दुसरं काम चाले. फोन. ज्याच्या त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहायची. "बेटा, तुज्याकडं त्यो लाल चादरीचा हाय का? काढून टाक. माज्या लेकराचा हाय." लाजेनं काढायचे. काही हुज्जत घालायचे, "मी नाही केला, मला आला". ती म्हणायची, "मी कुठं म्हनते तू केला. काढ म्हनते."

देविदासकडं ती सगळ्यात आधी गेली होती. तो आता डेपोजवळ मोबाईलच्या दुकानात काम करतो. मी तिथं होतो, ऑटो बाहेर लावून. तिनं काऊंटरवर हात ठेवला.

"देवा, काढ."

"मावशी, मी काढून काय उपेग? गावभर हाय."

"गावभर मी जाईन. तू तुजा काढ."

त्यानं काढला. मग खाली बघून म्हणाला, "पुरनपोळ्या मीच खाल्ल्या व्हत्या त्येच्या वाटच्या बी."

"त्या तुज्यासाठीच व्हत्या," ती म्हणाली. "तकलीफ त्येची न्हाई. तुला मी भाऊ म्हनले व्हते त्येची हाय." त्यानंतर देविदास दुकानात दुरुस्तीला आलेला प्रत्येक फोन देताना गिऱ्हाईकाला विचारतो, दादा, तुमच्याकडं तो व्हिडिओ आहे का. मी त्याचं नाव बदलू का म्हणालो तर म्हणाला, "न्हाई, माजं राहू द्या."

एवढं सगळं मी मान वर करून लिहितोय, पण पुढचं लिहिताना ती खाली जाते.

मी कॉलेजा-कॉलेजांत भाषणं द्यायचो. आणि भाषणात, पोरं हादरावीत म्हणून, तो व्हिडिओ दाखवायचो. तोंड धूसर करून. पुरावा म्हणून जपून ठेवला होता, आणि वापरतही होतो. सभागृह गप्प व्हायचं. मला वाटायचं, असर झाला.

गेल्या फेब्रुवारीत, एका सोमवारी, मेसमधला एक पोरगा तिला म्हणाला, "काकू, परवा त्या ऑटोवाल्या सरांनी दाखवला की लाल चादरीचा. लई वाईट वाटलं."

मी संध्याकाळी गेलो तर भट्टी बंद होती. ती पायरीवर बसली होती.

"भाऊ, तुज्याकडं बी हाय?"

माझं डोकं फिरलं. चोर पकडल्यासारखा आवाज होता तिचा आणि मला कुणी चोर म्हटलेलं सहन होत नाही. मी म्हणालो, "बाई, मी तुमच्यासाठी कोर्टापर्यंत जायला निघालोय! पुरावा आहे तो. आणि तोंड झाकलंय, नीट झाकलंय, कोण ओळखणार?"

ती शांतपणे म्हणाली, "तोंड झाकलं. गळा कुटं झाकला?"

एसटीत तिनं आवाजावरूनच ओळखलं होतं की. त्या पट्ट्यातल्या कुठल्याही तांड्यावरची बाई त्या सुरावरून सांगेल, हा शकुंतलाचा पोरगा. मी पंधरा सभागृहांत त्याला पुन्हा पलंगावर उभा केला होता. टाळ्या घेतल्या होत्या.

मी फोन काढला. तिनं माझा हात धरला.

"थांब. काढायच्या आदी एकदा लाव. पर मला दाखवू नको. उलटा धर."

मी फोन मांडीवर पालथा ठेवला आणि लावला. ताटांचा आवाज आला, हसणं आलं, आणि त्याखालून प्रेमदास. ती डोळे मिटून बसली. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. एसटीतल्या त्या दिवसानंतर तिनं पोराचा गाता गळा ऐकला नव्हता, आणि तो गळा जगात फक्त ह्या एका जागी शिल्लक होता, ताटांच्या खाली. बेचाळीस सेकंद संपले. मी पुन्हा लावायला बोट नेलं. ती म्हणाली, "न्हाई. बास." आणि म्हणाली, "इसाव्या सेकंदाला श्वास चुकला त्येचा. घाबरला व्हता. तिथं मी शिकिवलेला श्वास न्हाई."

मग म्हणाली, "काढ."

मी काढला. लॅपटॉपवरचा काढला, पेनड्राइव्ह तिच्यासमोर मोडली. कोर्टात न्यायला माझ्याकडं होता तो एकमेव पुरावा गेला. दोन दिवस मला झोप आली नाही, हेही लिहून ठेवतो. तिच्या बाजूनं होतो म्हणून माझं बरोबर, असं मी समजत होतो.

पुढच्या रविवारी मी तिला रुपाकडं सोडायला गेलो आणि थांबलो. फोन आला. रुपानं स्पीकर लावला. बरा हाय, गर्मी हाय. ठेवतो म्हणायच्या आत शकुंतलाबाई तीन वर्षांत पहिल्यांदा मधे बोलली.

"ग्यानोबा भाऊनं बी काढला."

पलीकडं गोदामातल्या पेट्या सरकवल्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "त्यांच्याकडं बी व्हता?"

"व्हता. काढला. माज्यासमोर."

पुन्हा पेट्या. मग पोरगा म्हणाला, "याडी, जेवलीस का?"

तिनं तोंडावर पदर दाबला. रुपा तिला हलवून राहिली, बोल की, बोल की. शेवटी ती म्हणाली, "जेवते. तू कवा येतो?"

"राहिलेत अजून, याडी," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

परत येताना ऑटोत ती मागं बसली होती. नर्सीच्या फाट्यावर म्हणाली, "भाऊ, तू लिहितोस ना पेपरात? ह्ये लिही. पर नुसतं रडगानं लिहू नको. वाचनाऱ्यानं काय करायचं ते खाली लिही."

म्हणून खाली लिहितो.

राहिलेत ते तुमच्याकडं आहेत. आता हा कागद बाजूला ठेवा आणि फोन हातात घ्या. गॅलरी बघा, व्हॉट्सॲपचे जुने ग्रुप बघा, कुणी पाठवलेला आणि तुम्ही न उघडलेला असेल तोही बघा. लाल चादर दिसली की लावू नका. ऐकूही नका, तो गळा ऐकायचा हक्क एकाच बाईचा आहे आणि तिनंही आपणहून एकदाच ऐकला. काढून टाका. ज्यानं पाठवला त्याला फोन करून काढायला सांगा. आणि तुमच्या ओळखीचं कुणी यंदा हॉस्टेलला गेलं असेल तर त्याला हेही विचारा, त्याचं ताट कोण उचलतं.

शकुंतलाबाई रविवारी रुपाकडं असते. तोवर काढा.